फायटर मासा आणि रागाचे रसायन : सेरोटोनिनचे समीकरण वाटते तितके सोपे नाही

चेन्नई : शहराच्या उत्तरेकडील कोलत्तूर ही शोभिवंत माशांची देशातील एक मोठी बाजारपेठ. तेथे ‘फायटर’ म्हणून विकला जाणारा बेट्टा मासा एकेका बाटलीत स्वतंत्र ठेवलेला असतो. कारण दोन नर समोरासमोर आले की कल्ल्यांची झाकणे फुलवून, पर ताणून एकमेकांवर तुटून पडतात. आरसा दाखवला, तर तो स्वतःच्या प्रतिबिंबावरही चाल करून जातो. याच सवयीमुळे तो आक्रमकतेच्या अभ्यासकांना सोयीचा ठरला. फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरील औषध पाण्यात मिसळल्यावर या नरांची आक्रमकता घटल्याचे प्रयोगांत आढळले आहे. चेतापेशींनी सोडलेले सेरोटोनिन पुन्हा शोषले जाण्यास हे औषध अटकाव करते.

अशा निष्कर्षांतून ‘सेरोटोनिन कमी, तर राग जास्त’ असे समीकरण रूढ झाले. ते निराधार नाही, पण अपुरे आहे. सेरोटोनिनचा संदेश स्वीकारणारे किमान १४ प्रकारचे ग्राही ज्ञात आहेत. रेने हेन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये त्यांपैकी केवळ एक ग्राही नसलेले उंदीर तयार केले. पिंजऱ्यात शिरलेल्या परक्या उंदरावर ते अधिक लवकर आणि अधिक तीव्रतेने हल्ला करत. पुढच्याच वर्षी उलटे चित्र समोर आले. सेरोटोनिनचे विघटन करणारे एक विकर नसलेल्या उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत हे रसायन नऊपटींपर्यंत वाढले होते, तरीही त्यांतील नर मोठेपणी आक्रमकच निघाले.

भारतीय वैद्यकाला परिचित असलेली सर्पगंधा तर या समीकरणाला थेट छेद देते. उन्मादी, हिंसक रुग्ण या वनस्पतीने शांत होतात, अशी नोंद कलकत्त्यातील गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये केली. पुढे तिच्यातून वेगळे काढलेले रेसरपिन मेंदूतील सेरोटोनिनचा साठाच रिकामा करते, हे १९५५ मध्ये दिसून आले. आणि तरीही ते दिलेली माकडे मवाळ होत. अर्थात, रेसरपिन डोपामाइनही घटवते. त्यामुळे श्रेय नेमके कोणाला, हा वाद उरतोच.

वयाचाही प्रश्न आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांच्या गटाच्या प्रयोगांत, जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत फ्लुओक्सेटीन दिलेली उंदरांची पिल्ले मोठेपणी अधिक चिंताग्रस्त वागताना आढळली.

म्हणूनच रक्ततपासणीतून कोणाचा तापटपणा मोजता येत नाही. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते आणि रक्तातील सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही.

कोलत्तूरच्या बाटल्यांशी जुळणारा एक जुना प्रयोगही आहे. आक्रमक उंदीर हवा असेल, तर नराला काही आठवडे एकटे ठेवावे, ही प्रयोगशाळांतील सोपी पद्धत. १९६० च्या दशकात इटलीतील लुइजी वाल्झेली आणि सहकाऱ्यांनी अशा उंदरांचे मेंदू तपासले. सेरोटोनिनचे प्रमाण जवळपास तेवढेच होते. मंदावली होती ती त्याच्या निर्मिती आणि वापराची गती.