रकान्यात किती अक्षरं मावतात?

फॉर्मच्या रकान्याला मर्यादा घालायची म्हणजे नेमकं काय मोजायचं, हे गावाच्या नावावरूनच बघू. ‘आष्टी’त अक्षरं किती? तुम्ही म्हणाल, दोन. पायथॉनला विचारा, तो ५ सांगेल: आ, ष, पाय मोडायचं चिन्ह, ट आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये तेच नाव १५ बाइट घेतं, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात.

आता ‘ज्ञानेश्वर’ घ्या. वाचताना ४ अक्षरं, चिन्हं १०, बाइट ३०. एखाद्या जुन्या प्रोग्रामने २० बाइटवर कात्री चालवली तर उरतं ‘ज्ञाने’ आणि पुढे एक तुटका चौकोन. इंग्रजी नावाला पुरेल म्हणून ठरवलेली मर्यादा आपल्या नावाला अशी अंगावर येते. पासबुकावर एक नाव, आधारवर दुसरं. मग हेलपाटे त्या माणसालाच.

टीकेइंटरच्या एन्ट्रीला तयार मर्यादा नसते, ती आपणच घालायची. ‘व्हॅलिडेट’ला ‘की’ द्यायचं, आपलं फंक्शन रजिस्टर करायचं आणि ‘व्हॅलिडेटकमांड’मधून त्याला ‘टक्का पी’ पाठवायचं, पी मोठा. म्हणजे बदल मान्य झाला तर रकान्यात जो मजकूर राहील, तो अख्खा फंक्शनला मिळतो. ट्रू दिलं की बदल होतो, फॉल्स दिलं की होत नाही. दोन्हीपैकी काहीच परत केलं नाही, तर मात्र तपासणीच बंद पडते. नवशिके इथेच अडकतात.

याचा एक फायदा बघा. मोबाइल नंबरच्या १० आकड्यांच्या रकान्यात कुणी +९१ सकट नंबर पेस्ट केला, तर तो पूर्ण नाकारला जातो. वेबच्या फॉर्ममध्ये मॅक्सलेंग्थ असली की शेपूट कापून बाकीचं आत घेतात. दिसायला १० खुणा, पण नंबर चुकीचा! माझं मत विचाराल तर गुपचूप कापण्यापेक्षा नाकारलेलं बरं. फक्त का नाकारलं ते शेजारी मराठीत लिहा, नाहीतर माणूस कीबोर्ड बिघडला म्हणून बडवत बसतो.

आणि पत्ता एकाच रकान्यात कोंबू नका. ‘आष्टी, ता. परतूर, जि. जालना’ ही २७ चिन्हं झाली. मर्यादा १० ची असेल तर ‘आष्टी, ता.’ एवढंच उरतं. आष्टी बीड जिल्ह्यातही आहे, वर्ध्यातही आहे. गाव, तालुका, जिल्हा असे तीन रकाने करा. तालुका-जिल्हा तर यादीतूनच निवडू द्या. तिथे मर्यादेचा प्रश्नच येत नाही.