गंगारामांचा चहा आणि आपल्या हातातला मोबाईल

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. राजांच्या पदरी नोकरीला असताना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करण्याचा सल्ला दिला आणि गंगारामांनी हॉटेल काढले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः हॉटेलसमोर गाडी थांबवून, सर्वांच्या देखत गंगारामांचा चहा पिऊ लागले. बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले.

या गोष्टीत समतेचा धडा आहे, तसा धंद्याचाही आहे. माल नुसता चांगला असून भागत नाही. तो चांगला आहे, हे चारचौघांत कोणीतरी सांगावे लागते.

आज पाचगणीकडे पाहा. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत स्ट्रॉबेरीचा हंगाम असतो. टेबल लँडवर मुंबई-पुण्याचे पर्यटक गर्दी करतात. कोणी मक्याची कणसे भाजते, कोणी घरी केलेला जॅम विकते, कोणी घरची एक खोली भाड्याने देते. जूनमध्ये पाऊस लागला की गाडा बंद आणि खोली रिकामी! किराणा आणि मुलांची फी मात्र थांबत नाही. गिऱ्हाईकाने नेलेला जॅम त्याला आवडलेला असतो, पण पुन्हा मागवायचा कोठून? नाव नाही, फोन नाही. हा तुटलेला धागा जोडायचे काम मोबाईल करतो.

मोफत पाटी

धंद्यासाठीचे वेगळे व्हॉट्सअ‍ॅप २०१८ पासून मिळते. साध्या वापराला त्याचे पैसे पडत नाहीत. त्यात धंद्याचे नाव, पत्ता, वेळ लिहा. प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन आणि भाव टाका. 'भावासाठी फोन करा' असे लिहू नका. पुष्कळ लोक फोन करीतच नाहीत. फोटो सकाळच्या उजेडात, स्वच्छ कापडावर वस्तू ठेवून काढा.

खोली भाड्याने देत असाल, तर गूगलच्या नकाशावर आपली जागा नोंदवा. तेही मोफत आहे. खोली आहे तशीच दाखवा. फोटोत एक आणि प्रत्यक्षात दुसरेच, असे झाले की पुढचे दहा पाहुणे गेलेच म्हणून समजा.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर नुसता 'घ्या, घ्या' असा धोशा लावू नये. फळ निवडणारे हात, उकळणारे पातेले, धुक्यातले टेबल लँड यांची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत लोक आवडीने पाहतात. रोज दहा टाकून मग महिनाभर गप्प बसण्यापेक्षा आठवड्याला दोनच टाका, पण नेमाने टाका.

आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रसारण यादीतून पाठविलेला निरोप, ज्यांनी आपला नंबर साठवून ठेवला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणून बाटलीवर नंबर छापा आणि 'ताई, नंबर सेव्ह करून ठेवा' असे तोंडाने सांगा. ज्याला नको त्याला मात्र निरोप पाठवू नका. कोणी तक्रार लिहिलीच, तर भांडू नका. चूक असेल तर कबूल करून बाटली बदलून द्या. ते उत्तर बाकीची गिऱ्हाइकेही वाचत असतात.

सावध राहा

घरी केलेला खाद्यपदार्थ विकायचा, तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी. लेबलवर वजन, तारीख आणि नोंदणी क्रमांक लिहा. 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' या नावाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बाहेरगावचे फळ त्या नावाने खपवू नका.

दुसरा धोका लबाडांचा. 'मोठी ऑर्डर देतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील,' असा फोन आला तर तो ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात! फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

घरात लिहिता-वाचता मुलगा किंवा मुलगी असेल, तर हे काम तासाभरात शिकता येते. मुलांनी आईला नुसते करून देऊ नये, तिच्या हातून करवून घ्यावे. धंदा तिचा आहे, पाटीही तिलाच लावता आली पाहिजे.

आज आपल्या दारात गाडी थांबवायला महाराज येणार नाहीत. पण ते काम आपण एकमेकांसाठी करू शकतो. वस्तीतल्या भगिनीने जॅमचा फोटो टाकला, तर नुसता अंगठा दाखवून पुढे जाऊ नका. एक बाटली विकत घ्या. आवडली, तर स्वतःच्या नावाने चार ओळी लिहा.