वाङ्निश्चय ते मधुचंद्र : सात महिन्यांची प्रतीक्षा

अक्षय तृतीयेला वाङ्निश्चय झाला आणि विवाहाची तिथी मार्गशीर्षात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघाली. मध्ये सात महिने. चातुर्मासात मंगल कार्ये नाहीत, त्यातच पर्युषण, मग दिवाळीचे वहीपूजन. व्यापारी घराला याआधीची तिथी सोयीचीही नव्हती. मुलाचे घर सांगलीचे, हळदीची अडत. नव्या हळदीची आवक सुरू झाली की घरातील पुरुष पुढचे काही महिने सौद्यांतून हलू शकत नाहीत. डिसेंबर त्या मानाने मोकळा. मुलीचे घर इचलकरंजीचे, सुताचा व्यापार. ती वाणिज्य पदवीधर असून दुकानाची जीएसटी विवरणपत्रे तीच भरते. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

या दोन्ही घरांतील मागच्या पिढीला मधुचंद्र हा शब्द कथा-कादंबऱ्यांतूनच ठाऊक होता. लग्नानंतर जोडीने बाहुबलीला, म्हणजे कुंभोजच्या डोंगरावर, जाऊन यायचे. तेथील अठ्ठावीस फुटी मूर्तीसमोर हात जोडायचे, दुपारचे जेवण घ्यायचे आणि संध्याकाळच्या आत घरी परतायचे. मुलाच्या आजींना तेही लाभले नाही, कारण त्यांचे लग्न 1963 पूर्वीचे आणि मूर्तीची प्रतिष्ठापना त्या वर्षीची. नवरा-बायको प्रथम मोकळेपणाने बोलली ती लग्नानंतर चौथ्या महिन्यात, असे त्या सहज सांगतात. आजच्या मुला-मुलींना सात महिने रोज दूरध्वनीवर बोलता येते. तरीही प्रत्यक्ष सहवासाचे पहिले सात-आठ दिवस कसे जातील, याची हुरहूर तेवढीच असते. किंबहुना बोलणे अधिक झाल्यामुळे अपेक्षाही अधिक असतात.

या दोघांच्या बोलण्यात सहलीचा विषय आषाढात निघाला. त्याला बर्फ पाहायचा होता. तिला समुद्र की डोंगर हे ठरवता येत नव्हते, आणि खरे सांगायचे तर थंडीची थोडी धास्तीच होती. पण ते सांगायचा संकोच वाटे. एके दिवशी तो म्हणाला, “आप्पांनी स्वित्झर्लंडचं बघितलंय म्हणे. मामा सांगत होते.” आप्पा म्हणजे तिचे वडील. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते.

त्याच आठवड्यात हिशेबाच्या कागदांत तिला प्रवास कंपनीचे साडेपाच लाखांचे दरपत्रक दिसले. सोबत एका मुदत ठेवीची पावती पिनेने जोडलेली होती. ही ठेव धाकट्या भावाच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी राखून ठेवलेली. मुदत पुरी व्हायला अकरा महिने बाकी. ठेव मुदतीपूर्वी मोडली तर कराराचा व्याजदर मिळत नाही. जितका काळ ठेव राहिली त्या काळाचा दर लागतो, आणि बहुतेक बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का दंड म्हणून कमी करतात. हे गणित तिने कागदाच्या कडेला मांडून पाहिले. पण तिला खरा प्रश्न व्याजाचा वाटला नाही. आईला विचारल्यावर उलगडा झाला. मध्यस्थी करणारे मुलाचे मामा गोदामावर येऊन आप्पांना म्हणाले होते, “मुलाच्या दोन्ही चुलतभावांना सासरकडून युरोपची सहल मिळाली, एवढंच सांगतो. आमचं मागणं काही नाही.”

मागणे काही नाही, हे वाक्य आपल्या समाजात फार जुने आहे. पूर्वी त्याच्यामागून सोन्याचे तोळे येत, नंतर मोटार आली, आता विमानाची तिकिटे येतात. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा. विवाहात मागणी न करता दिलेल्या भेटींना त्यात सूट आहे, परंतु वरपक्षाला द्यायची भेट रूढीला धरून असावी आणि तिचे मूल्य देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी नसावे, असेही तोच कायदा सांगतो. मुलाच्या शिक्षणाची ठेव मोडून दिलेली सहल या व्याख्येत कशी बसणार? प्राप्तिकराच्या दृष्टीने लग्नप्रसंगी मिळालेली भेट करमुक्त असते, म्हणून अनेकांना ती निर्धोक वाटते. कर नसणे आणि भार नसणे या निराळ्या गोष्टी आहेत.

रात्री तिने दूरध्वनी केला. “मामा असं बोलले, हे तुम्हाला ठाऊक होतं का?”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “नाही. मला वाटलं, आप्पांचीच हौस आहे.”

“हौस नाही. ठेव मोडतायत ते.”

दुसऱ्या दिवशी पेढीवर गर्दी ओसरल्यावर त्याने वडिलांपुढे, अण्णांपुढे, विषय काढला. अण्णा रागावतील अशी त्याची अटकळ होती. ते रागावले नाहीत. हातातील वही मिटून म्हणाले, “मामा बोलून आले ते माझ्या कानावर आलं होतं. मी गप्प बसलो. चूक माझीही आहे.” संध्याकाळी त्यांनी स्वतः इचलकरंजीला दूरध्वनी करून सहल नको म्हणून सांगितले.

एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा होता, मिटला नाही. आप्पांना वाटले, दरपत्रक कमी पडले. नंतर वाटले, सोयरीकच मोडते की काय. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. देणाऱ्याचा हात थांबवला की त्याचा मान दुखावतो, याचा विचार तरुण मंडळींनी केला नव्हता. तिसऱ्या दिवशी अण्णा आणि आजी मोटारीने इचलकरंजीला गेले. आजी आप्पांना म्हणाल्या, “तुमची लेक आमच्याकडे यायची आहे, तुमची ठेव नव्हे.” मग चहा झाला. मामांचा उल्लेख कोणी केला नाही, आणि ते योग्यच झाले, कारण लग्नात अंतरपाट धरायला तेच उभे राहणार होते.

सहलीचा खर्च दोघांनी आपापल्या आवर्त ठेवींतून करायचा आणि नव्वद हजारांच्या वर जायचे नाही, असे ठरले. स्थळ ठरवताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली, जी प्रवास कंपनीच्या रंगीत पुस्तिकेत नसते. ती चौविहार पाळते. डिसेंबरात स्वित्झर्लंडमध्ये पाच वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो आणि सहलीचे रात्रीचे जेवण सात-आठला असते. म्हणजे सारी सहल दुपारच्या शिदोरीवर काढावी लागली असती. तेथेच जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. व्रत पाळणाऱ्याने देश निवडण्याआधी महिना निवडावा. विमानात जैन जेवण मिळते, पण त्याची नोंद सामान्यतः किमान चोवीस तास आधी करावी लागते. आयत्या वेळी मागून ते मिळत नाही. परदेशी सहलीच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे स्रोतावर गोळा केला जाणारा कर, द्यावा लागतो. हा खर्च नव्हे. ज्याच्या पॅनवर तो जमा होतो त्याला विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते. तोपर्यंत रक्कम मात्र अडकून राहते, आणि वधूपित्याने पैसे भरले तर ते श्रेय जावयाला नव्हे, त्यालाच घ्यावे लागते.

शेवटी कर्नाटक ठरले. मिरजेहून रात्रीच्या गाडीने बंगळूर, तेथून मोटारीने सुमारे दीडशे किलोमीटरवर श्रवणबेळगोळ. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या असतात. दगड तापण्याआधी, सकाळी लवकर निघालेले बरे. चामुंडरायाने दहाव्या शतकाच्या अखेरीस घडविलेली गोम्मटेश्वराची सुमारे सत्तावन्न फुटी मूर्ती तिने लहानपणी आजोळच्या मंडळींबरोबर पाहिली होती, त्याने एकदाही नाही. पुढे तीन दिवस कूर्गमध्ये. डोंगर, धुके, आणि डिसेंबर असल्याने अरेबिका कॉफीची तोडणी चाललेली. तेथून घाट उतरून मूडबिद्रीला हजार खांबांची बसदी, 1430 मधील, आणि जवळच कारकळला बाहुबलीची बेचाळीस फुटी मूर्ती. परत येण्याआधी एक दिवस समुद्र. बर्फ राहिला, म्हणून तो थोडा हिरमुसला. तिने तेव्हा थंडीच्या धास्तीचे सांगून टाकले. तो हसला आणि म्हणाला, “हे आषाढातच सांगायचंस की.”

कूर्गमधील मुक्कामाबाबत तिने पाच ठिकाणी चौकशी केली. तेथील स्थानिक जेवण प्रामुख्याने सामिष. ‘शाकाहारी मिळेल’ या उत्तरावर न थांबता स्वयंपाकघर स्वतंत्र आहे का, कांदा-लसणाबरोबर बटाटाही वगळाल का, आणि जेवण साडेपाचला वाढाल का, असे तिने विचारले. चौघांनी पहिल्या दोन प्रश्नांतच नकार दिला. पाचव्या घरच्या बाई शाकाहारी निघाल्या आणि त्यांना वेळेचीही अडचण नव्हती. किनाऱ्याकडे ही चिंता कमी. इडली, साधा डोसा, नीर डोसा सर्वत्र मिळतो, सांबारात कांदा असतो तेवढे पाहावे लागते.

रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते. ऑक्टोबरच्या त्या सकाळी आठ वाजता एकाच वेळी सांगलीत तो आणि इचलकरंजीत ती भ्रमणध्वनी हातात घेऊन बसली होती. ज्याला आधी मिळेल त्याने काढायचे. तिने नाव माहेरचेच लिहिले. आधार कार्डावर तेच आहे, आणि लग्नानंतर आठवड्यात ते बदलून मिळत नसते. नव्या नावाने तिकीट काढून ओळखपत्रापाशी अडलेली जोडपी काही कमी नाहीत. आठ वाजून चार मिनिटांनी तिचा निरोप आला, दोन जागा मिळाल्या, खालची आणि मधली.

सहल नाकारली गेल्याचे शल्य आप्पांच्या मनातून पुरते गेले नव्हते. दिवाळीत ते सांगलीला फराळ घेऊन आले, तेव्हा पिशवीत दोन लोकरीचे स्वेटर होते. कूर्गला सकाळी गारठा असतो, असे त्यांनी कोणाला तरी विचारून घेतले होते. जावयाचा स्वेटर दंडाला घट्ट झाला. बदलून आणतो म्हणाले, पण त्याने तो दिला नाही. आजींनी आतून पाणी गाळण्यासाठी शिवलेले नवे, दुपदरी गाळणे आणले, स्वेटरांच्या घडीत ठेवले आणि लेकीकडे पोचते करा म्हणून आप्पांच्या हाती पिशवी परत दिली.