पिक्सेल कमी, तरी पारडं जड

जपानच्या कॅसिओ कंपनीने १९९५मध्ये ‘क्यूव्ही-१०’ हा डिजिटल कॅमेरा ६५,००० येन किमतीला बाजारात आणला. नुसत्या आकड्यांवर जोखला तर तो काठावर पासही झाला नसता. फोटो ३२० बाय २४० पिक्सेलांचा, म्हणजे जेमतेम ७७ हजार ठिपके. इंचाला ३०० ठिपके या छपाईच्या हिशेबाने त्याची प्रिंट निघणार इंचभर रुंद, टपाल तिकिटाएवढी! फ्लॅशही नव्हता. त्याच्या वर्षभर आधी आलेला ॲपलचा ‘क्विकटेक १००’ चौपट पिक्सेलांचे फोटो काढत होता. किंमत ७४९ डॉलर.

तरीही गाजला तो क्यूव्ही-१०. कारण त्याच्या पाठीवर १.८ इंची रंगीत पडदा होता. क्विकटेकमध्ये मोठ्या आकाराचे आठच फोटो मावत आणि ते कसे आलेत, हे कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय कळत नसे. रोल धुऊन येईपर्यंत थांबायचं, तसंच इथेही थांबायचं. क्यूव्ही-१०वर मात्र फोटो तिथल्या तिथे दिसे. बिघडला तर पुसून दुसरा काढता येई. भिंगाचा भाग फिरता असल्याने पडद्यात बघत स्वतःचाच फोटो काढणंही जमे.

कमी पिक्सेलांचा एक फायदाही होता. प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या, निळ्या छटांना तीन बाइट धरले, तर एका फोटोला सुमारे २ लाख ३० हजार बाइट लागतात. कॅमेऱ्याची मेमरी अवघी दोन मेगाबाइट. तिच्यात नऊच फोटो बसले असते. कॅसिओने ९६ बसवले, म्हणजे प्रत्येक फोटो दहापटीने आवळला. आपला डोळा उजेड-अंधारातले बारकावे नेमके टिपतो, रंगांतले तितके नाही. फोटो आवळण्याच्या पद्धती याच उणिवेचा फायदा उठवतात. पिक्सेल चौपट असते, तर फोटोंची संख्या साधारण चौथाईवर आली असती.

लग्नाचा अल्बम करायचा असेल, तर त्या काळी फिल्मच घेणं शहाणपणाचं होतं. पण बघायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं, ही सोय फिल्म कितीही पैसे मोजून देऊ शकत नव्हती. पिक्सेल पुढे चिप सुधारत गेल्या तसे वाढतच गेले. पाठीवरचा पडदा मात्र डिजिटल कॅमेऱ्यांनी कायमचा उचलला. नव्या यंत्राची किंमत ठरवताना म्हणूनच दोन याद्या कराव्यात: काय अजून कच्चं आहे आणि काय आधी शक्यच नव्हतं. क्यूव्ही-१०ची पहिली यादी लांबलचक होती, पण पैसे वसूल झाले दुसरीत.