पिशवी काढली, दुखणे मात्र राहिले

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्याआधीच्या तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांमध्ये अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती त्या वर्षी विधिमंडळात देण्यात आली. त्यानंतर विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

शस्त्रक्रिया का झाल्या, यावर पुष्कळ चर्चा झाली. त्यानंतर या महिलांचे काय झाले, याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले.

कोयता आणि खाडा

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मानला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर राबून फेडायची असते. एक दिवस खाडा झाला, तर दंड कापला जातो. फडावर ना शौचालय, ना न्हाणीघर, ना पुरेसे पाणी. अशा स्थितीत पाळीच्या काळात मोळ्या वाहाव्या लागतात, जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जाते आणि दुखणे अंगावरच काढले जाते. लहान वयातील लग्न आणि पाठोपाठची बाळंतपणे यांनी शरीर आधीच थकलेले असते. हंगाम संपवून गावी परतल्यावर डॉक्टरांकडे गेले, की 'पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल' असे ऐकायला मिळाल्याचे अनेक महिलांनी सांगितले आहे. वास्तविक संसर्ग बहुधा औषधांनी बरा होतो. अतिरक्तस्रावावरही गोळ्यांसह अन्य उपचार उपलब्ध आहेत.

शस्त्रक्रियेनंतरचा आजार

पिशवी काढली की कटकट संपते, हा समज चुकीचा आहे. गर्भाशयासोबत दोन्ही बीजकोशही काढले गेले, तर शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकाएकी घटते. एरवी पंचेचाळिशी-पन्नाशीत येणारी रजोनिवृत्ती मग तिशीतच येते. अंगाची आग होणे, घाम सुटणे, झोप उडणे, चिडचिड, उदासी ही तिची लगेच जाणवणारी लक्षणे. हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकाराचा वाढलेला धोका हे परिणाम वर्षांनंतर दिसतात. बीजकोश राखले तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे जड वजन उचलू नये, असे सांगितले जाते. उचल फिटली नसेल, तर एवढी विश्रांती मिळणे कठीण. त्यामुळे कंबरदुखी आणि सांधेदुखी कायमची मागे लागते.

बाईचे बाईला सांगणे

या शस्त्रक्रियांचा प्रसार होण्यात बायकांच्या आपसांतील बोलण्याचाही वाटा होता. जावेने केली, शेजारणीने केली, म्हणून आपणही करावी, असे घडत गेले. तेच बोलणे आता उलट दिशेने उपयोगी पडत आहे. मनीषा तोकले यांच्यासारख्या कार्यकर्त्या, महिला ऊसतोड कामगार संघटना आणि महिला किसान अधिकार मंच (मकाम) यांनी या महिलांना बोलते केले. घरात 'सतत काहीतरी दुखतंच हिचं' म्हणून टाळले जाणारे दुखणे दुसरीलाही आहे, हे कळले की ते आपले नशीब किंवा कामचुकारपणा वाटेनासे होते. त्याला कारण आहे आणि त्यावर उपचारही आहेत, हे उमगते.

एकमेकींच्या आधारातून प्रत्यक्ष मदतही उभी राहते. सरकारी रुग्णालयात एकटीने जाण्यापेक्षा सोबत कोणी असले, तर आपले बीजकोश राखले आहेत का, हे विचारण्याचे धैर्य येते. शस्त्रक्रियेची कागदपत्रे जपून ठेवणे, कॅल्शियमच्या गोळ्या व संप्रेरक उपचारांबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे, रक्तदाब तपासून घेणे, या गोष्टी बचत गटाच्या बैठकीतही समजावता येतात. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या तरुण महिलेला 'आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखव' असे अनुभवाने सांगणारी बाई कोणत्याही फलकापेक्षा प्रभावी ठरते.

केवळ आधार पुरेसा नाही

बीडमध्ये २०१९ नंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक करण्यात आली. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला. हे उपाय पुढील शस्त्रक्रिया रोखण्यासाठी आहेत. ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली, त्यांना वर्षानुवर्षे तपासणी, औषधे आणि झेपेल असे काम हवे आहे. कारखान्याच्या परिसरातही ही सेवा मिळाली पाहिजे, कारण वर्षातील पाच-सहा महिने त्या गावात नसतात. सोबतिणीचा आधार दुखणे सुसह्य करतो. पण खाड्याचा दंड रद्द करणे तिच्या हाती नाही.