यूरोपीय क्लब चषक विजेते फुटबॉल व्यवस्थापक

यूरोपातील निरनिराळ्या देशांच्या फुटबॉल क्लबांमध्ये खेळल्या जाणाऱ्या स्पर्धा जिंकणाऱ्या संघांचे प्रमुख मार्गदर्शक. खेळाडूंची निवड, सराव, डावपेचांची आखणी आणि संघाची शिस्त ही व्यवस्थापकाची मुख्य कामे होत. ब्रिटनमध्ये खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा अधिकारही परंपरेने त्याच्याकडे असे; यूरोपच्या मुख्य भूमीवर मात्र हे काम बहुधा संचालक मंडळ पाहते व मार्गदर्शकास केवळ प्रशिक्षक म्हणतात. पुढे ब्रिटनमध्येही ही दुसरी पद्धत रूढ होत गेली. या भेदामुळे एखाद्या विजयाचे श्रेय व्यवस्थापकास कितपत द्यावे, हा प्रश्न या स्पर्धांच्या इतिहासात वारंवार उपस्थित होतो.

स्पर्धांचे स्वरूप : फ्रेंच पत्रकार गाब्रिएल आनो याच्या पुढाकाराने व ‘लेकिप’ या क्रीडा-दैनिकाच्या प्रयत्नाने १९५५-५६ मध्ये राष्ट्रीय विजेत्या क्लबांची स्पर्धा सुरू झाली. १९९२-९३ पासून ती चँपियन्स लीग या नावाने ओळखली जाते. राष्ट्रीय चषक विजेत्यांची स्वतंत्र स्पर्धा १९६०-६१ ते १९९८-९९ या काळात होत असे. १९७१-७२ मध्ये सुरू झालेल्या यूएफा चषकास २००९ मध्ये यूरोपा लीग हे नाव मिळाले, तर कॉन्फरन्स लीग २०२१-२२ पासून खेळली जाऊ लागली. बाद फेऱ्यांत प्रत्येक जोडीचे दोन सामने, एक घरच्या व एक परक्या मैदानावर, होतात. अंतिम सामना मात्र एकच असतो. दोन सामन्यांची लढत पूर्वनियोजनास वाव देते, तर अंतिम सामन्यात एखादी चूक वा दैवयोगही निर्णायक ठरतो.

प्रारंभीचे विजेते : पहिला चषक रेआल माद्रिदने १९५६ मध्ये पॅरिस येथे रीम्स संघाला ४–३ असे हरवून जिंकला, तेव्हा त्याचा मार्गदर्शक होसे व्हिल्यालोंगा (१९१९–७३) अवघा ३६ वर्षांचा होता. त्याच संघातील खेळाडू मीगेल मून्योस (१९२२–९०) याने १९६० व १९६६ मध्ये मार्गदर्शक म्हणून चषक मिळविला. खेळाडू व मार्गदर्शक अशा दोन्ही नात्यांनी तो जिंकणारा हा पहिला होय. पुढे जोव्हान्नी त्रापात्तोनी, योहान क्रायफ, कार्लो आन्चेलोत्ती, फ्रांक रायकार्ड, पेप ग्वार्दिओला व झिनेदिन झिदान यांनी हा मान मिळविला. माद्रिदची सलग पाच वर्षांची सद्दी मोडल्यावर लिस्बनच्या बेनफिका क्लबने १९६१ व १९६२ मध्ये चषक जिंकला. त्याचा मार्गदर्शक बेला गुटमान (१८९९–१९८१) हा दुसऱ्या महायुद्धातील ज्यूविरोधी छळातून बचावलेला हंगेरियन होता. दुसऱ्या विजयानंतर त्याने वेतनवाढ मागितली. ती नाकारली जाताच त्याने क्लब सोडला.

डावपेचांचे द्वंद्व : इंटर मिलानच्या एलेन्यो एर्रेरा (१९१०–९७) याने १९६४ व १९६५ मध्ये चषक जिंकून ‘कातेनाच्चो’ म्हणजे अडसर या बचावतंत्रास प्रतिष्ठा मिळवून दिली. बचावफळीच्या मागे एक मोकळा बचावपटू ठेवून प्रतिपक्षास रोखावयाचे व संधी मिळताच वेगवान प्रतिचढाई करावयाची, हे त्याचे सूत्र. त्यास उत्तर दिले ते कोळसा-खाणीत काम केलेल्या जॉक स्टीन (१९२२–८५) याने. त्याच्या सेल्टिकने १९६७ मध्ये लिस्बन येथे इंटरला २–१ असे हरविले. आरंभीच एक गोल पत्करूनही सेल्टिकने चढाई थांबविली नाही. विशेष म्हणजे त्या संघातील सर्व खेळाडू ग्लासगोच्या परिसरात, सु. ५० किमी. अंतराच्या आत, जन्मलेले होते.

पुनर्रचना : मॅट बझ्बी (१९०९–९४) याने इंग्लिश लीगचा विरोध असतानाही मँचेस्टर युनायटेडला या स्पर्धेत उतरविले. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी स्पर्धेतील सामना खेळून परतताना म्यूनिक येथे संघाचे विमान कोसळले. तीत आठ खेळाडूंसह २३ जण मरण पावले; बझ्बीही गंभीर जखमी झाला. बरा झाल्यावर त्याने संघ नव्याने उभारला व १९६८ मध्ये वेंब्ली येथे बेनफिकाला ४–१ असे नमवून चषक मिळविला. त्या सामन्यात दोन गोल करणारा बॉबी चार्ल्टन हा अपघातातून वाचलेल्यांपैकी होता.

इंग्लंडमधील क्लबांनी १९७७ ते १९८२ अशी सलग सहा वर्षे चषक राखला. त्यांतील तीन विजय (१९७७, १९७८, १९८१) लिव्हरपूलच्या बॉब पेझ्ली (१९१९–९६) याचे. खेळाडू, उपचारतज्ञ व साहाय्यक प्रशिक्षक या क्रमाने तो त्याच क्लबात वर चढला होता. बिल शँक्ली याने घातलेल्या पायावर त्याने इमारत उभी केली. याउलट ब्रायन क्लफ (१९३५–२००४) याने १९७५ मध्ये नॉटिंगॅम फॉरेस्टची सूत्रे घेतली, तेव्हा हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. १९७७ मध्ये त्यास बढती मिळाली, १९७८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद आणि १९७९ व १९८० मध्ये यूरोपीय चषक. या वाटचालीत पीटर टेलर हा साहाय्यक खेळाडू हेरण्याच्या कामी त्याचा आधार होता. १९७९ च्या अंतिम सामन्यात पराभूत झालेल्या माल्मो संघाचा मार्गदर्शक बॉब हाउटन हा पुढे २००६–११ या काळात भारताच्या राष्ट्रीय संघाचा मार्गदर्शक होता.

श्रेय व अस्थैर्य : ॲस्टन व्हिला क्लबला १९८१ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा रॉन साँडर्स फेब्रुवारी १९८२ मध्ये संचालकांशी झालेल्या मतभेदांमुळे पायउतार झाला. त्याचा साहाय्यक टोनी बार्टन याने तीनच महिन्यांनी यूरोपीय चषक जिंकला. संघ एकाचा व नोंद दुसऱ्याच्या नावे, असे येथे घडले. नुसता विजय अधिकारपद टिकवतोच असेही नाही. यूप हाइंकेसने १९९८ मध्ये रेआल माद्रिदला बत्तीस वर्षांनी हा चषक मिळवून दिला, तरी त्याच वर्षी त्याला पद सोडावे लागले. चेल्सीच्या रोबेर्तो दी मात्तेओ याने मे २०१२ मध्ये चषक जिंकला आणि नोव्हेंबरमध्ये त्यास काढून टाकण्यात आले.

नंतरचा काळ : ऑस्ट्रियन एर्न्स्ट हापेल (१९२५–९२) हा दोन वेगवेगळ्या क्लबांना, फेयेनूर्ट (१९७०) व हँबर्ग (१९८३), हा चषक मिळवून देणारा पहिला मार्गदर्शक होय. आर्रीगो साक्की (१९४६– ) कधीही व्यावसायिक खेळाडू नव्हता. तरीही त्याने १९८९ व १९९० मध्ये ए. सी. मिलानला जिंकून दिले. बचावफळी पुढे सरकवून सर्व संघाने एकाच वेळी प्रतिपक्षावर दडपण आणावयाचे, ही त्याची पद्धत पुढे सर्वत्र अनुसरली गेली. १९९५ च्या बोसमान निवाड्याने यूरोपीय समुदायातील परदेशी खेळाडूंवरील मर्यादा उठली व गुणी खेळाडू धनिक क्लबांकडे एकवटले. १९९६ ते २०२४ या काळात इंग्लंड, स्पेन, इटली व जर्मनी यांच्याबाहेरील एकाच क्लबास, जोझे मोरिन्योच्या पोर्तोस (२००४), हा चषक जिंकता आला. कार्लो आन्चेलोत्ती (१९५९– ) याने मिलान (२००३, २००७) व रेआल माद्रिद (२०१४, २०२२, २०२४) यांच्याकडून पाच वेळा चषक जिंकून उच्चांक प्रस्थापित केला. एका ठराविक पद्धतीचा आग्रह न धरता हाती असलेल्या खेळाडूंना अनुरूप रचना करणे, हे त्याचे वैशिष्ट्य.

इतर स्पर्धांमध्ये उनाई एमेरी याचे यूरोपा लीगमधील चार विजय (२०१४, २०१५, २०१६, २०२१) उल्लेखनीय आहेत. उडो लाटेक व त्रापात्तोनी यांनी तिन्ही जुन्या स्पर्धा जिंकल्या होत्या. महिलांच्या स्पर्धेत सोनिया बाँपास्तोर हिने ल्याँ क्लबकडून खेळाडू (२०११, २०१२) व मार्गदर्शक (२०२२) म्हणून विजय मिळविला.

केवळ चषकांच्या संख्येवरून व्यवस्थापकाचे मूल्यमापन करणे म्हणूनच अपुरे ठरते. त्यास कोणता संघ मिळाला, त्यातील किती खेळाडू त्याने घडविले आणि तो गेल्यावर काय टिकून राहिले, हेही पाहावे लागते. या कसोटीवर स्टीन व क्लफ यांचे विजय संख्येने थोडे असूनही मोलाने मोठे ठरतात.