अमेरिकेतील निवृत्तिखात्याचे परसदार

आपल्या गावात आज अशी आळी क्वचितच सापडेल, की जिच्यातील एखादे तरी लेकरू अमेरिकेत नाही. पूर्वी महिन्याकाठी पत्र येई. आता रोज संध्याकाळी पडद्यावर भेट होते, आणि त्या भेटीत मुले बोलता बोलता असे काही शब्द टाकून जातात, की इकडे आईबापांची झोप उडावी. ‘बॅकडोअर रॉथ’ हा त्यांतलाच एक. आमच्या भगिनीने तो ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे येऊन म्हणाली, “दादा, मागच्या दाराने म्हणजे लाचलुचपतच ना रे? आपला मुलगा काही भलतेसलते तर करत नाही?” तिचे समाधान करताना आम्हांलाच पुष्कळ शिकावे लागले. ते आज आपल्यापुढे मांडतो.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्याला मालकाच्या योजनेखेरीज स्वतःचे वैयक्तिक निवृत्तिखातेही उघडता येते. १९७४ च्या कायद्याने ते सुरू झाले. त्याला तेथे आय.आर.ए. म्हणतात. पुढे १९९७ साली डेलावेअर राज्याचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या पुढाकाराने दुसऱ्या जातीचे खाते निघाले आणि त्याला त्यांचेच नाव पडले. या दोहोंतील भेद आपल्या जुन्या जकातनाक्यावरून चटकन ध्यानात येईल. समजा, गावात येणाऱ्या दुधावर वेशीवरच जकात भरली, तर पुढे त्याचे दही होवो, लोणी होवो की तूप होवो, पुन्हा कोणी विचारत नाही. हे रॉथ खाते. उलट, आत येताना सूट दिली आणि बाहेर पडताना तुपाच्या वजनावर मोजून जकात घेतली, तर ते जुने, म्हणजे पारंपरिक खाते. रॉथ खात्यातील वाढ वयाची साडेएकोणसाठ वर्षे पूर्ण झाल्यावर, आणि पहिले रॉथ खाते उघडून पाच वर्षे लोटल्यावर, करमुक्त मिळते. शिवाय पारंपरिक खात्यातून ठराविक वयानंतर दरवर्षी काही रक्कम काढावीच लागते; रॉथच्या मालकावर हयातीत तशी सक्ती नाही.

इतके चांगले असल्यावर सरकारने दारावर पहारेकरी बसवला, यात नवल नाही. २०२५ साली एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या पतिपत्नीची प्राप्ती २,३६,००० डॉलरांच्या वर गेली की रॉथमध्ये भरण्याची मर्यादा घटू लागे, आणि २,४६,००० ला दार बंद होई. अविवाहितासाठी हेच आकडे १,५०,००० आणि १,६५,००० होते. दार बंद असूनही कोणी पैसे भरलेच, तर ती जादा रक्कम खात्यात असेपर्यंत दरवर्षी सहा टक्के दंड. बरे, पारंपरिक खात्यात भरावे, तर नोकरीतल्या योजनेत असलेल्या अशा मिळकतदाराला वजावटही मिळत नाही. म्हणजे दुधावर जकात भरायची आणि दुधातून निघालेल्या वाढीवर पुन्हा भरायची! दोन्हीकडून बुडवणारा हा सौदा आहे.

आता परसदार कोठून आले? पारंपरिक खात्यातील पैसा कर भरून रॉथमध्ये वळवण्याची सोय मूळ कायद्यातच होती. मात्र तिलाही १,००,००० डॉलर प्राप्तीची मर्यादा होती. २००६ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने ती मर्यादा २०१० पासून उठवली. उद्देश उदारपणाचा होता असे आम्हांला वाटत नाही. लोक पैसा वळवतील आणि उद्याचा कर आजच तिजोरीत पडेल, हा त्यातला हिशेब. पण भरण्यावरचा पहारा तसाच राहिला आणि वळवण्यावरचा उठला. तेव्हा पारंपरिक खात्यात वजावट न मागता पैसे भरायचे (२०२५ ची मर्यादा ७,००० डॉलर, पन्नाशी गाठलेल्यांना ८,०००) आणि थोड्याच दिवसांत ते रॉथमध्ये वळवायचे. त्या मुद्दलावर कर आधीच भरलेला असतो. मधल्या दिवसांत व्याज पडले असेल, तर तेवढ्यावरच कर. हा सारा व्यवहार ८६०६ क्रमांकाच्या नमुन्यात सरकारला कळवावा लागतो. जे सरकारच्याच छापील कागदावर लिहून द्यायचे, त्याला लपूनछपून म्हणता येणार नाही, असे आम्ही भगिनीला सांगितले. २०२१ मध्ये हे दार बंद करण्याचे विधेयक तेथील प्रतिनिधिगृहाने संमतही केले होते. सिनेटमध्ये ते अडले. सल्लागार परवडणाऱ्यालाच हे दार दिसते, ही टीका आम्हांलाही खोटी वाटत नाही.

परंतु परसदारी एक खड्डा आहे, आणि आमचा भाचा त्यातच पडला. २०२४ साली त्याने ७,००० डॉलर भरले आणि वळवले. कर शून्य, अशी त्याची समजूत. मात्र जुनी नोकरी सोडताना तेथल्या योजनेतला पैसा त्याने एका पारंपरिक खात्यात आणून ठेवला होता. ते होते ९३,००० डॉलर, सर्वच्या सर्व कर न भरलेले. कायदा म्हणतो, तुझी पारंपरिक खाती दहा असोत, आम्ही ती एकच हंडी समजू. हंडीत दूध आणि पाणी एकत्र झाले, की वरचे दूध तेवढे काढून घेतले असे म्हणता येत नाही. एक लाखाच्या हंडीत कर भरलेले सात हजार, म्हणजे सात टक्के. सबब वळवलेल्या ७,००० पैकी ४९० वरच कर माफ, ६,५१० करपात्र. चोवीस टक्क्यांच्या दराने सुमारे १,५६२ डॉलर केंद्रीय कर त्याला भरावा लागला. २०१८ पासून असे वळवणे मागेही घेता येत नाही.

हंडी मोजतात ती वळवलेल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरची. ती ज्याची त्याची असते. विवरणपत्र एकत्र असले तरी पत्नीच्या खात्याने पतीचा हिशेब बिघडत नाही. आणि मालकाच्या योजनेतला, म्हणजे ४०१(के) मधला पैसा तीत धरत नाहीत. सुटकेची वाट यातच आहे. योजनेची मुभा असेल, तर पारंपरिक खात्यातला कर न भरलेला पैसा तिकडे हलवता येतो. कर भरलेले मुद्दल मात्र तिकडे जात नाही, मागेच राहते. भाच्याचे ६,५१० बुडाले नव्हते. ८६०६ च्या नमुन्यात ते त्याच्या नावे शिल्लक होते. २०२५ मध्ये त्याने ८६,४९० डॉलर नव्या मालकाच्या योजनेत हलवले (मधली वाढ हिशेबाच्या सोयीसाठी सोडून देतो). मागे राहिले नेमके ६,५१०. त्यांत त्या वर्षाचे ७,००० घातले आणि १३,५१० डॉलर रॉथमध्ये नेले. या वेळी कर शून्य आला.

ज्यांची मुले पुढेमागे इकडे परतणार आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट राहिली. अमेरिकेतला करमुक्तपणा भारतात आपोआप लागू होत नाही. परदेशी निवृत्तिखात्यांसाठी २०२१ च्या वित्त कायद्याने जी सवलत आणली, ती तिकडे पैसे काढताना कर लागतो अशा खात्यांना समोर ठेवून लिहिलेली आहे. रॉथ तीत नीट बसत नाही. म्हणून परतीचे तिकीट काढण्याआधी, दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या माणसापुढे ते ८६०६ चे जुने कागद ठेवावेत. भाच्याने ते सगळे जपून ठेवले आहेत, आणि त्यांची एक प्रत आता भगिनीच्या कपाटात आहे.